‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ : नोटिशीतला ‘व्हेअरॅज’ कसा वाचावा

आज आपण उंब्रजला जमलो आहोत. एका बाजूला तारळी आणि कृष्णेचा संगम, दुसऱ्या बाजूला पुणे-बेंगळुरू महामार्ग. नदी आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे, रस्ता मात्र दर काही वर्षांनी नव्याने ओळख करून देतो. रस्ता रुंद होतो, पूल येतो, सेवारस्ता येतो, आणि त्यांच्याही आधी एक कागद येतो. आजचा विषय त्या कागदातला एक शब्द आहे. इंग्रजीत तो ‘व्हेअरॅज’, आणि आपल्या सरकारी मराठीत ‘ज्याअर्थी’.

एका शब्दावर तासभर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो. असं घर या पट्ट्यात एकच नाही, म्हणून नावगाव सांगत नाही. घरात महामार्गाच्या भूसंपादनाची इंग्रजी अधिसूचना आली. आजोबांना इंग्रजी येत नाही. नातू अकरावीला, हुशार पोरगा, त्याने शब्दकोश काढला. ‘व्हेअरॅज’ म्हणजे काय? कोशात पहिला अर्थ मिळाला : ‘याउलट’, ‘मात्र’. पोराने तोच लावला. कागदावर वाक्य होतं की ‘आणि व्हेअरॅज, हरकती आल्या, त्यांचा विचार झाला आणि त्या अमान्य केल्या’. ‘अमान्य’साठी जो इंग्रजी शब्द होता तो त्याला नीटसा कळला नाही, पण ‘उलट हरकती आल्या आणि त्यांचा विचार झाला’ एवढं कळलं. घरात सगळ्यांना वाटलं, सरकार जमीन घेणार होतं, उलट आपल्या हरकती आल्या, म्हणजे काम थांबलं. आजोबांनी कागद देवघराच्या फळीवर ठेवला आणि मंडळी निर्धास्त झाली.

त्या कागदाने खरं म्हणजे नेमकं उलटं सांगितलं होतं. तो जमीन शासनाकडे गेल्याचा कागद होता.

पोराची चूक नाही, हे आधीच सांगतो. त्याने कोशातला खरा अर्थ घेतला, फक्त तो या जागचा नव्हता. म्हणून आज आपण हा शब्द तीन बाजूंनी बघू : इंग्रजीत त्याचे अर्थ किती, मराठीत त्याच्यासाठी काय आहे, आणि नोटीस हातात आली की तो कसा वाचायचा.

पहिला अर्थ : तुलना

शाळेत आपण उभयान्वयी अव्यय शिकलो. दोन वाक्यं जोडणारा, ज्याचं रूप बदलत नाही असा शब्द. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून आपण या अव्ययांचे गट पाडतो. ‘पण, परंतु, परी’ हा एक गट, न्यूनत्वबोधक. ‘म्हणून, सबब, याकरिता’ हा दुसरा, परिणामबोधक. ‘कारण, का की’ हा तिसरा, कारणबोधक.

इंग्रजीतल्या ‘व्हेअरॅज’ची गंमत अशी की तो एका गटात बसत नाही. रोजच्या लिखाणात तो दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवतो. ‘थोरल्याला शेतीची आवड, तर धाकट्याला नोकरीची.’ ‘विहिरीच्या पाण्याला वीजबिल येतं, तर पाटाच्या पाण्याला पाणीपट्टी.’ या वाक्यांतला जो ‘तर’ आहे, तिथे इंग्रज माणूस ‘व्हेअरॅज’ लिहील.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. ‘पण’ आणि हा ‘तर’ एक नव्हेत. ‘पाऊस पडला पण विहीर भरली नाही’, यात एक अपेक्षा होती आणि ती मोडली. ‘थोरल्याला शेतीची आवड, तर धाकट्याला नोकरीची’, यात कुठलीच अपेक्षा मोडलेली नाही, दोघांना शेजारी उभं केलंय एवढंच. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. जिथे अपेक्षाभंग आहे तिथे ‘व्हेअरॅज’ घातला की वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, तिथे साधा ‘बट’ बरा.

दुसरा अर्थ : आधार

आता दुसरा अर्थ. कायद्यात, करारात, ठरावात, अधिसूचनेत वाक्याची सुरुवातच ‘व्हेअरॅज’ने होते. तिथे तुलना नाही, ‘उलट’ नाही. तिथे त्याचा अर्थ आहे : ‘पुढे जे सांगतो आहोत ते खरं आहे हे लक्षात घेता’. असे एकामागून एक परिच्छेद येतात, प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम. आणि सगळ्यांत शेवटी येतं ‘नाऊ, देअरफोर’. म्हणजे ‘आता, त्याअर्थी’. मग हुकूम.

ही पद्धत जुनी आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता अशाच एका ‘व्हेअरॅज’ने उघडत होती. १८७२ चा करार कायदाही तसाच, १८९४ चा भूसंपादन कायदाही तसाच. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. त्याच्या प्रस्तावनेत सात परिच्छेद ‘व्हेअरॅज’ने सुरू होतात, आणि मग ‘नाऊ, देअरफोर’ म्हणून घोषणा होते. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत मात्र हा शब्द नाही. तिथे कुणापुढे आधार मांडायचा नव्हता. लोकच बोलत होते, आणि लोक स्वतःच स्वतःचा आधार होते.

मराठीची जोडी

या दुसऱ्या अर्थासाठी आपल्या राज्यकारभाराच्या मराठीने ‘ज्याअर्थी’ हा शब्द घेतला. १९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि इंग्रजी कागद मराठीत आणायचं मोठं काम सुरू झालं. त्या मराठीला आपण ‘बोजड’ म्हणून नावं ठेवतो. काही ठिकाणी ती नावं तिने कमावलेलीही आहेत. पण ‘ज्याअर्थी’च्या बाबतीत आमचं मत वेगळं आहे. इथे मराठीने इंग्रजीपेक्षा चांगलं काम केलंय.

कसं ते बघा. आपली भाषा जोडीची भाषा आहे. जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जरी-तरी. ‘ज’ने सुरू झालेलं वाक्य ‘त’ची वाट बघतं. ‘ज्याअर्थी’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, बरं मग, त्याअर्थी काय? इंग्रजीतल्या ‘व्हेअरॅज’ला अशी उघड जोडी नाही. पान उलटून तुम्हाला ‘देअरफोर’ शोधावा लागतो. मराठीत शब्दच तुम्हाला सांगतो की अजून वाक्य संपलेलं नाही, पुढे चला. त्या पोराच्या हातात मराठी कागद असता, तर ‘ज्याअर्थी हरकती आल्या’ एवढ्यावर तो थांबलाच नसता.

पण एक सावधगिरी. रोजच्या बोलण्यातला ‘ज्याअर्थी’ आणि कागदातला ‘ज्याअर्थी’ यांत थोडा फरक आहे. आपण म्हणतो, ‘ज्याअर्थी चुलीतून धूर निघतोय, त्याअर्थी घरात कुणीतरी आहे.’ हे अनुमान झालं. धूर दिसला, माणूस ओळखला. धुरामुळे माणूस घरात आला असं आपण म्हणत नाही. कागदातल्या ‘ज्याअर्थी’त अनुमान नसतं, अधिकाराचा आधार असतो. ‘हे हे घडलं आहे, म्हणून मला हा हुकूम काढता येतो’, असं अधिकारी सांगत असतो. बोलण्यात ‘ज्याअर्थी’ म्हणजे खूण, कागदात ‘ज्याअर्थी’ म्हणजे पाया.

आणि असा पाया रचायची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली असंही नाही. पेशवेकाळातल्या सनदा बघा. आधी सांगायचं की अमुक माणसाने हुजूर येऊन विनंती केली की असं असं आहे, मग ‘त्याजवरून मनास आणून’, आणि मग इनाम किंवा हुकूम. घरात जुनं खरेदीखत असेल तर तेही काढून बघा. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ अशी सुरुवात, मग जमीन कुणाची, कुठली, पैशाची गरज का पडली याची हकीकत, आणि मग ‘सबब’. हा ‘सबब’ मूळ अरबी, अर्थ ‘कारण’. न्यायालयाच्या मराठी निकालात आजही हुकमाच्या आधी ‘सबब’ येतो. घरात आपण ‘सबबी सांगू नकोस’ म्हणतो ते निमित्त या अर्थाने, पण कागदावर सबब म्हणजे ‘या कारणास्तव’. ऐसा जे आणि सबब, ज्याअर्थी आणि त्याअर्थी, व्हेअरॅज आणि देअरफोर : सांगाडा एकच.

पाया खोटा असेल तर

आता खरा मुद्दा. हे परिच्छेद नुसती शोभा आहेत का? हुकूम तर शेवटी आहे, मग वरचं कशाला वाचायचं?

राज्यपालांचा अध्यादेश घ्या. त्याचा मराठी मसुदा बहुतेक एकाच साच्यात असतो. ज्याअर्थी विधानमंडळाचं अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी तातडीने कार्यवाही करावी अशी परिस्थिती आहे अशी राज्यपालांची खात्री झाली आहे, त्याअर्थी आता अनुच्छेद २१३ खालील अधिकार वापरून हा अध्यादेश. हे दोन ‘ज्याअर्थी’ कुणी लेखनिकाने हौसेने घातलेले नाहीत. संविधानाने घातलेल्या त्या अटी आहेत. त्या खऱ्या असतील तरच अधिकार आहे.

याबाबत आपल्या पुण्याच्या एका अभ्यासकाने मोठं काम केलं. गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा. जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की बिहारमध्ये तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढले जातात. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले होते, आणि त्यांतले कितीतरी मुदत संपली की पुन्हा जसेच्या तसे काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. प्रत्येक वेळी ‘तातडी’ कागदावर तशीच! वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही संविधानाशी केलेली प्रतारणा आहे. एका प्राध्यापकाने साचेबंद मजकूर साचेबंद म्हणून सोडून दिला नाही, तो खरा आहे का असं विचारलं, एवढंच.

दुसरी गोष्ट. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३७ काय सांगत होतं? सार्वजनिक स्वरूपाच्या वस्तुस्थितीबद्दल कायद्याच्या किंवा शासकीय अधिसूचनेच्या प्रास्ताविक भागात जे विधान असेल, ते पुरावा म्हणून विचारात घेता येतं. २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद ठेवली आहे. शिवाय सरकारी काम रीतसर झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणजे अधिसूचनेत ‘ज्याअर्थी एकही हरकत आली नाही’ असं छापलं आणि तुम्ही तर हरकत दिली होती, तर ते वाक्य खोडायचं ओझं व्यवहारात तुमच्यावर येतं. म्हणून हरकतीची पोच, शिक्का आणि तारखेसह, सातबाऱ्याइतकी जपा.

महामार्गाचा कागद, परिच्छेदामागून परिच्छेद

आता त्या आजोबांच्या कागदाकडे परत येऊ. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६. भूसंपादनाचे त्याचे टप्पे कलम ३ च्या पोटात आहेत.

कलम ३-क म्हणा किंवा इंग्रजीतलं ‘थ्री ए’, इथे शासन राजपत्रातून सांगतं की ही जमीन घेण्याचा आमचा इरादा आहे. त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. ‘थ्री सी’खाली २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते, कारणं देऊन. सक्षम प्राधिकाऱ्याने तुम्हाला समक्ष किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. हे २१ दिवस कायद्याच्या शब्दांप्रमाणे राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजले जातात. म्हणजे पेपरात बातमी दिसेपर्यंत त्यांतले काही दिवस गेलेले असू शकतात. हे विसरू नका.

मग येतं ‘थ्री डी’. आजोबांच्या हातात हाच कागद होता. त्याची रचना साधारण अशी असते :

ज्याअर्थी, अमुक तारखेच्या अधिसूचनेने शासनाने जमीन संपादनाचा इरादा जाहीर केला;

आणि ज्याअर्थी, तिचा सारांश अमुक अमुक वर्तमानपत्रांत अमुक तारखेला प्रसिद्ध झाला;

आणि ज्याअर्थी, हरकती आल्या, त्यांचा विचार झाला आणि त्या अमान्य करण्यात आल्या;

आणि ज्याअर्थी, सक्षम प्राधिकाऱ्याने आपला अहवाल सादर केला;

त्याअर्थी, आता, शासन याद्वारे घोषित करत आहे की ही जमीन संपादित करण्यात यावी.

बघा, चारही ‘ज्याअर्थी’ एका दिशेने चाललेत. कुणीही कुणाच्या ‘उलट’ नाही. चार पायऱ्या आणि वर उंबरा. आणि उंबरा ओलांडल्यावर काय होतं? ही घोषणा प्रसिद्ध होताच जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन केंद्र शासनाकडे निहित होते. ‘निहित’ हाही असाच एक शब्द. साध्या मराठीत, मालकी गेली.

आता प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारायचा. पहिली : तारीख कोणती? कारण ‘थ्री ए’पासून एक वर्षात ‘थ्री डी’ झाली नाही तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते, न्यायालयाच्या स्थगितीचा काळ सोडून. दुसरी : पेपर कोणते, त्यांतला मराठी कोणता? तिसरी : हरकत दिली होती तर सुनावणी झाली का, आदेशाची प्रत मिळाली का? चौथी : अहवालात आपल्या गटाबद्दल काय लिहिलंय? माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज केला तर उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. म्हणजे हे चार परिच्छेद तुमच्यासाठी तपासणीची यादी आहेत. अधिकाऱ्याने स्वतःच लिहून दिलेली.

वाचायची रीत

आम्ही सांगतो ती रीत सोपी आहे. नोटीस वरून खाली वाचू नका. आधी ‘त्याअर्थी’ शोधा. इंग्रजी असेल तर ‘नाऊ, देअरफोर’. त्याच्यानंतरचं क्रियापद अधोरेखित करा : घोषित करत आहे, मनाई करत आहे, खुलासा मागत आहे, निलंबित करत आहे. कागद काय करतोय ते तिथे कळतं. मग वर जा आणि एकेका ‘ज्याअर्थी’पुढे पेन्सिलीने लिहा : खरं, खोटं, किंवा ठाऊक नाही. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देतानाही हीच पद्धत वापरा. परिच्छेदवार उत्तर द्या. सगळ्याला मिळून ‘आरोप अमान्य’ असं एका ओळीत लिहिलेलं उत्तर दुबळं ठरतं.

आणि हे हत्यार फक्त सरकारचं नाही. ग्रामसभेत ठराव मांडताना आपण बहुधा सरळ मागणीने सुरुवात करतो : ‘सेवारस्ता मिळावा असे ठरले.’ सूचक, अनुमोदक, संपलं. त्याऐवजी असं लिहून बघा : ज्याअर्थी शाळा महामार्गाच्या एका बाजूला आणि निम्मी वस्ती दुसऱ्या बाजूला आहे, आणि ज्याअर्थी मुलांना ओलांडायला दुसरी वाट नाही, आणि ज्याअर्थी यापूर्वी अमुक तारखेला लेखी मागणी केली असून तिचं उत्तर आलेलं नाही, त्याअर्थी ही ग्रामसभा अशी मागणी करते की... आता वरच्या अधिकाऱ्याला नुसतं ‘शक्य नाही’ म्हणून भागत नाही. तीनपैकी कुठला आधार चुकीचा आहे ते सांगावं लागतं, निदान फाईलवर ते तीन आधार कायमचे राहतात. फक्त एक पथ्य : जे सिद्ध करता येईल तेच ‘ज्याअर्थी’त घाला. एक खोटा ‘ज्याअर्थी’ बाकीच्या खऱ्यांनाही घेऊन बुडतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलं आहे, ‘परंतु’ हा शब्द कायद्यात येतो तो आपला नेहमीचाच ‘परंतु’ का? चांगला प्रश्न. कायद्याच्या कलमात नवा परिच्छेद ‘परंतु’ने सुरू झाला की तो अट किंवा अपवाद सांगतो. त्याला परंतुक म्हणतात. पुढे ‘परंतु आणखी असे की’ येतं, तो दुसरा अपवाद. तिथे बोलण्यातल्या ‘पण’सारखं समजलं तरी फारसं बिघडत नाही. ‘व्हेअरॅज’चं मात्र बिघडतं.

दुसरा प्रश्न मागून आला, आणि तो आम्हाला अपेक्षित होता : त्या आजोबांचं पुढे काय झालं? जमीन परत आली नाही. हरकतीची वेळ केव्हाच गेली होती, आणि खरं सांगायचं तर ती हरकत वेळेत दिलेलीही होती, सुनावणीही झाली होती. कागद खोटा नव्हता. पण ‘थ्री डी’वर सगळं संपत नाही. पुढे ‘थ्री जी’ आहे, मोबदल्याचं कलम. त्यासाठी पुन्हा पेपरात जाहीर नोटीस येते, हितसंबंधितांनी समक्ष येऊन आपला हक्क सांगायचा असतो. निवाड्याची रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. आणि मोबदला ठरवताना १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तरतुदी महामार्गालाही लागू आहेत. कागद फळीवर पडून राहिला असता, तर विहीर, पाइपलाइन आणि बांधावरची आंब्याची झाडं यांची नोंद सांगायला घरातलं कुणी गेलंच नसतं. कागदाचा अर्थ त्यांना उशिरा कळला, पण एवढ्यापुरता तरी वेळेत कळला. नातवाने स्वतः बसून झाडं मोजली आणि अर्ज मराठीत लिहिला. पहिलाच शब्द होता ‘ज्याअर्थी’.

आज इथेच थांबू. घरी गेल्यावर कपाटातली एखादी जुनी नोटीस काढा आणि तिच्यातला ‘त्याअर्थी’ शोधून बघा. काही अडलं तर पुढच्या वेळी तोच कागद घेऊन या, आपण मिळून वाचू.